थुंकीचं वजन

बाबा जॅम चाखायचे आणि थुंकायचे. या कारखान्याची सगळी पत त्या थुंकण्यावर उभी होती. ऐकायला घाण वाटत असेल तर वाटू दे.

कढईतला रस आटत आला की भोंगा आरोळी ठोकायचा, "काका, चला!" भोंगा म्हणजे कढईवरचा माणूस. तो कानात कुजबुजला तरी रस्त्यावर ऐकू जायचं. मग बाबा लांब दांड्याचा चमचा रसात बुडवायचे, फुंकर मारायचे, चमचा तोंडात घ्यायचे आणि डोळे मिटायचे. आंबट किती, गोड किती, अजून किती आटवायचं, सगळं त्या मिटलेल्या डोळ्यांमागे ठरायचं. मग तोंडातलं सगळं स्टीलच्या वाडग्यात. वर कोमट पाण्याची चूळ, तीही वाडग्यात.

"पोटात गेलं की जीभ खोटं बोलायला लागते," असं ते म्हणायचे. दुसरं कारण ते बोलून दाखवत नसत. त्यांची साखर बरीच वर्षं काठावर होती. काठावर म्हणजे काठावर, पलीकडे कधी गेली नाही. सगळा जन्म जॅमच्या वाफेत काढलेला माणूस, आणि साखर काठावर धरून बसलेला. यापेक्षा मोठी फुशारकी त्यांच्याकडे नव्हती आणि त्यांना नकोही होती.

कारखाना आता थोरली चालवायची. मुलगी हुशार, हिशेबी, आणि बापावर जीव टाकणारी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तिने जे केलं ते वाचून कुणी म्हणेल, दुष्ट असेल बया. दुष्ट नव्हती. दुष्ट माणसं परवडतात, त्यांच्यापासून लांब पळता येतं. जीव टाकणारी माणसं मानगुटीवर बसतात.

मध्यंतरी बाबांच्या छातीत धडधडायला लागलं, रक्तदाब चढला. दवाखान्यातल्या डॉक्टरने दोन गोळ्या लिहून दिल्या. एक हृदयाचा वेग कमी करणारी, दुसरी लघवीवाटे पाणी काढून दाब उतरवणारी. घरात तिला पाण्याची गोळी म्हणायचे. दोन्ही गोळ्या थोरली रोज सकाळी स्वतःच्या हाताने द्यायची. द्यायची म्हणजे तळहातावर ठेवून समोर उभी राहायची.

"जीभ वर करा बघू."

"अगं, गिळली."

"वर करा म्हणते ना."

आणि ते करायचे. ज्या जिभेच्या शब्दाखातर कढया उतरायच्या ती जीभ ते मुलीला लहान पोरासारखी वर करून दाखवायचे. दोघं हसायचे. तेव्हा हसायचे.

दाब उतरला, धडधड थांबली. पुढच्या तपासणीत साखर काठ ओलांडून पार पलीकडे गेलेली.

डॉक्टरने कागद पाहिला आणि विचारलं, "गोड खातात का?"

विचारलं कुणाला? थोरलीला. रोगी समोर बसलेला, कान शाबूत, तोंड शाबूत, पण प्रश्न मात्र शेजारच्या खुर्चीला. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेलं की तो माणूस राहत नाही, सामान होतो.

"जॅमच्या कारखान्यात असतात दिवसभर," थोरली म्हणाली.

डॉक्टर हसला. "मग विचारायलाच नको."

"मी गिळत नाही," बाबा म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात, काका," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाला. आणि साखरेची एक नवी गोळी जोडली. स्वादुपिंडाला ढोसून ढोसून इन्सुलिन बाहेर काढायला लावणारी गोळी. आधीच्या दोन गोळ्या तशाच ठेवल्या. त्यांच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. कशाला पाहील? गुन्हेगार तर सापडला होता.

पुढच्या खेपेला साखर पुन्हा जास्त. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा शेजारच्या खुर्चीला. "खातात हो," थोरली या वेळी सरळ म्हणाली. "नक्की खातात." साखरेची गोळी अजून वाढली.

घरात पाऊल टाकल्यावर बाबा म्हणाले, "तू पाहिलंस मला खाताना?"

"मग साखर काय हवेतून येते?"

"मला माहीत नाही कुठून येते. मी खात नाही, एवढं माहीत आहे."

तेवढं पुरेसं होतं खरं तर. बापाने सांगितलं, खात नाही. पण थोरली जॅमवाल्याची मुलगी. त्या घरात वजन केल्याशिवाय काही खरं मानायची रीत नव्हती. फळ तोलायचं, साखर तोलायची, भरलेली बाटली तोलायची. आणि तिच्या डोक्यात आलं ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलंच नसतं. थुंकी तोलायची.

आंबट पूड मोजायचा छोटा काटा होता. चिमटीतला फरक दाखवायचा. तिने रिकामा वाडगा त्यावर ठेवून पाहिला. मग चमचाभर रस, मग चुळीचं पाणी, सगळं वेगवेगळं तोललं. तोंडात जेवढं जाईल तेवढं वाडग्यात यायला हवं. उलट लाळेने थोडं जास्तच. कमी आलं तर मधल्या मध्ये गेलं कुठे? पोटात. हिशेब चोख होता. तिचे सगळे हिशेब चोख असायचे.

वाडग्यात कमी आलं. दुसऱ्या कढईला कमी. तिसऱ्या कढईला अजून कमी.

तिने बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. तिने काटा उचलून कढईघराच्या मधोमध ठेवला, त्यावर वाडगा ठेवला, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, हे बघा. उरलेलं कुठे गेलं?"

भोंग्याने ढवळणं थांबवलं. बाटल्या धुणाऱ्या बाया दारात आल्या. बाबांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, पॅकिंगच्या खोलीतून हात पुसत आली. बाबांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा थोबाडीत बसल्यासारखा झाला.

"तू माझी थुंकी तोललीस?"

"उरलेलं कुठे गेलं ते सांगा."

"पाणी प्यायलो मी. चुळीचं. तहान लागते हल्ली."

बायांमधून कुणीतरी फिस्सकन हसलं. आत्याला वाटलं वातावरण हलकं करावं. तिच्या जिभेला पहिल्यापासून हाड नाही. "दादा, तुला पाणी प्यायला ग्लास कमी पडले होय रे? थुंकायचं पाणी पितोस?"

आता सगळेच हसले. भोंग्याचं हसू तर बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेलं. त्या हसण्यात कुणाचंच वाईट मन नव्हतं, आणि म्हणूनच ते लागलं. बाबांनी चमचा कढईच्या काठावर ठेवला. आवाज न करता, फार जपून ठेवला.

तहान लागते म्हणाले होते. का लागते, हे कुणी विचारलं नाही. रात्री किती वेळा उठतात, ओठ का सुकलेत, घरात सगळ्यांना दिसत होतं. पण दिसतं ते आणि काट्यावर येतं ते यात त्या घरात काटाच जिंकायचा.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पॅकिंगच्या खोलीत. ती खोली गार ठेवलेली असायची, बाटल्या निवाव्यात म्हणून. तिथल्या बाटल्यांची झाकणं पक्की बसलेली, उघडलं की टक् आवाज होतो, चोरून खायची सोय नाही. बाबांना लेबलं चिकटवायला दिली. चाखायला आता थोरली स्वतः. तिला काही कळायचं नाही. एक घाणा आंबट, एक चिकट. ती दोन्ही वेळा म्हणाली, "फळच तसं आलं."

बाबांनी भांडण केलं नाही. त्यांनी जेवण सोडलं. सगळं नाही, थोडं थोडं. पोटात काही गेलंच नाही तर साखर उतरेल, उतरली की सिद्ध होईल, असा साधा विचार. दुपारचा डबा अर्धा परत यायला लागला.

"जेवला का नाहीत?"

"भूक नाही."

"नसणारच," थोरली म्हणाली. "पोट भरलेलं असेल."

असं ती म्हणाली. नंतर तिला हे वाक्य शब्द न् शब्द आठवायचं, दात घासताना, कुलूप लावताना, कुणाशी बोलता बोलता मध्येच. पण त्या दिवशी ते तोंडातून सहज निघालं आणि तिने डबा धुवायला टाकला.

मग तो दिवस. सकाळी तिने गोळ्या दिल्या, वाढवलेल्या साखरेच्या गोळीसकट. जीभ वर करून घेतली. आता कुणी हसत नसे. नाश्ता बाबांनी तसाच ठेवला.

दुपारच्या आधी ती पॅकिंगच्या खोलीत गेली. आत्या टेबलाच्या टोकाला खोके बांधत होती. बाबा लेबलं लावत होते, पण सगळी तिरकी. काही तर झाकणावर. आणि त्यांना घाम आला होता. त्या गार खोलीत, जिथे आत्या स्वेटर घालून बसायची, तिथे बाबांचा सदरा पाठीला चिकटलेला, कपाळावरून थेंब टपकत होते. हात मात्र थरथरत नव्हते. अगदी स्थिर होते.

थोरलीने काय पाहिलं? तिने पकडला गेलेला चोर पाहिला.

"बाबा, घाम कशाचा आलाय?"

त्यांनी वर पाहिलं. हसले. विचित्र, ओशाळं हसू.

"काय खाल्लंत?"

"खाल्लं," बाबा म्हणाले. जीभ जड झाली होती. "सगळं... खाल्लं. तू म्हणतेस ना. खाल्लं."

आणि थोरलीला बरं वाटलं. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गोष्टीतली सगळ्यात वाईट जागा हीच आहे, बाकी सगळं माफ होण्यासारखं आहे. तिला बरं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं. "शेवटी बोललात एकदाचे," ती म्हणाली आणि पाठ फिरवून निघाली.

ती दारापर्यंत पोचली नव्हती तोच बाटली फुटल्याचा आवाज आला. मग आत्याची हाक. बाबा टेबलाखाली कलंडले होते, डोळे अर्धे उघडे, अंगावर काचा आणि जॅम.

आत्याने गालाला हात लावला. "गार पडलाय गं हा! ओलाचिंब. ए, साखर उतरली असेल याची, काहीतरी गोड दे याला!" तिच्या नवऱ्याची साखर एकदा अशी उतरली होती, तिने पाहिलं होतं. तिने शेजारची बाटली घेतली, झाकण फिरवलं. टक्.

थोरलीने तिचा हात धरला.

"अजून गोड? जीव घ्यायचाय का त्यांचा? आत्ता कबूल केलं त्यांनी!"

"अगं पण ओठाला तरी लावू दे!"

"आत्या, बाटली खाली ठेव. मी सांगते ते ऐक."

आत्याने ठेवली. मालकीणबाईंपुढे कोण बोलणार? आणि मालकीणबाई फोनवर ओरडत राहिल्या, गाडी पाठवा, साखर फार चढलीये माझ्या वडिलांची, फार चढलीये. आत्या जमिनीवर बसून भावाचं डोकं मांडीवर घेऊन राहिली. शेजारी बाटली उघडी. खोलीभर बाटल्या.

गाडी आली. गाडीतल्या माणसाने काही न विचारता आधी बोट टोचलं. यंत्राकडे पाहिलं आणि शिवी हासडली. "चढलीये कुठली! तळाला गेलीये." सुई लावली, ग्लुकोज सोडलं. बाबांच्या डोळ्यांत हळूहळू माणूस परत आला. तेव्हा कुठे त्या माणसाने मान वर करून खोली पाहिली. भिंतीला लागून छतापर्यंत जॅम.

"एवढ्या गोडात बसलात आणि तोंडाला चमचा नाही लावला कुणी? बेशुद्ध पडायच्या आधी?"

आत्याने थोरलीकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा तिच्या जिभेला हाड आलं, आणि नेमकं तेव्हा नको होतं. ती बोलली असती तर थोरलीला भांडता तरी आलं असतं.

इस्पितळात त्यांना ठेवून घेतलं, कारण त्या साखरेच्या गोळीचा जोर लवकर उतरत नाही. तिथली डॉक्टरीणबाई वयाने थोरलीएवढीच. तिने गोळ्यांची पिशवी पलंगावर उलटी केली, एकेक उचलून पाहिली आणि बाबांना विचारलं. बाबांना. "काका, या दोन केव्हापासून? आणि साखर केव्हापासून चढली?"

बाबांनी सांगितलं. आधी गोळ्या, मग साखर.

मग ती समजावत बसली. हृदयाचा वेग कमी करणारी ही गोळी काही लोकांत स्वादुपिंडालाही मंद करते, इन्सुलिन हवं तेवढं सुटत नाही. पाण्याच्या गोळीने लघवीतून पोटॅशियम निघून जातं, ते कमी झालं की इन्सुलिन बाहेर पडणं आणखी अडतं. सगळ्यांना होत नाही. पण ज्यांची साखर आधीच काठावर असते त्यांना या दोन्ही मिळून पलीकडे ढकलू शकतात. गोळ्या वाईट नाहीत, छातीसाठी लागतातच, पण लक्ष ठेवायचं असतं, वेळेवर बदलायच्या असतात. "आणि तहान? पाण्याची गोळी आणि चढलेली साखर, दोन्ही माणसाला सुकवतात. त्यांना तहान लागत असेल भयंकर."

"लागायची," बाबा म्हणाले.

"आणि घाम आला तेव्हा हात कापत नव्हते?" तिने थोरलीला विचारलं.

"नाही. अगदी स्थिर होते."

"साखर उतरली की एरवी छाती धडधडते, हात कापतात. ही हृदयाची गोळी ते झाकते. घाम तेवढा उरतो सांगायला."

घाम तेवढा सांगत होता. आणि थोरलीने त्यालाच साक्षीला उभं केलं होतं, बापाच्याच विरुद्ध.

थोरली डॉक्टरीणबाईच्या मागे बाहेर गेली. जिन्यापाशी गाठलं. "म्हणजे... त्यांनी खाल्लं नव्हतं?"

"ते मी कसं सांगू?" डॉक्टरीणबाई म्हणाली. "एवढंच सांगते, एक चमचा न खाताही साखर एवढी चढू शकते. खाल्लं की नाही ते माझ्या तपासणीत येत नाही. त्यांना विचारा."

"विचारलं होतं."

"मग काय म्हणाले?"

थोरली जिन्यावर बसली. लोक बाजूने चढत उतरत होते, कुणीतरी म्हणालं, बाई, वाटेत का बसलात? ती उठली नाही. तिला वाटलं होतं कुणीतरी कागद देईल, शिक्का देईल, बाप निर्दोष म्हणून. तसा कागद नव्हता. होता तो फक्त त्यांचा शब्द, आणि तो त्यांनी कधीच दिला होता, घरात पाय ठेवता ठेवता, अगदी साध्या आवाजात. तिने तो तोलायला काटा आणला.

खोलीत परत आली तेव्हा बाबा उशीला टेकून पाणी पीत होते. तिला पाहून त्यांनी ग्लास पटकन खाली ठेवला.

"बाबा, चुकलं माझं."

"होतं असं," ते म्हणाले. भिंतीकडे बघत म्हणाले.

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ज्याने माफ करावं असं वाटतं तो माणूस नेमका सभ्य निघतो, तेव्हा पळायला जागा उरत नाही.

गोळ्या बदलल्या. पाण्याची बंद करून दाबाची वेगळी दिली, हृदयाचीही बदलली, साखरेची एकदम कमी केली, बोट टोचून लक्ष ठेवायला सांगितलं. काही आठवड्यांत तहान गेली. साखर उतरत उतरत काठाजवळ आली. थोरली दवाखान्यातल्या त्या डॉक्टरकडे जाऊन भांडून आली. तो म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतंत ना, नक्की खातात म्हणून?" ती भांडण अर्धवट टाकून परतली. तो नालायक होता, त्यात वाद नाही. पण तो म्हणाला ते खरं होतं.

बाबा कारखान्यात परत आले त्या दिवशी तिने सगळ्यांना कढईघरात बोलावलं. अपमान चारचौघांत केला होता, तर कबुलीही चारचौघांतच. ती म्हणाली, "बाबा खात नव्हते. त्या गोळ्यांनी साखर चढत होती. मी खोटा आळ घेतला. आणि ते पडले तेव्हा आत्या गोड देत होती, मी तिचा हात धरला. हेही माझंच."

हे शेवटचं बाबांना माहीत नव्हतं. त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने मान खाली घातली.

कढई रटरटत होती. भोंग्याला शांतता सोसत नाही. "काका," तो जमेल तेवढ्या हळू म्हणाला, म्हणजे सगळ्या कारखान्याला ऐकू गेलं, "तुम्ही नव्हता तर जॅमला जॅम म्हणायची लाज वाटत होती. चला ना."

थोरलीने चमचा पुढे केला. बाबांनी घेतला. रसात बुडवला, फुंकर मारली, तोंडात घेतला, डोळे मिटले. सगळे त्यांच्या पापण्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी वाडग्यात थुंकलं. काटा कधीच अडगळीत गेला होता, तरी वाडगा खाली ठेवताना त्यांचा हात क्षणभर अधांतरी राहिला, त्या दिवशी काटा होता तिथे.

मग पाण्याचा ग्लास उचलला. चूळ भरली, थुंकली. ग्लासात अजून पाणी होतं. आता ती जुनी तहान नव्हती, पण कढईपाशी उभ्या माणसाला घसा ओला करावासा वाटतोच. ग्लास ओठाशी नेला आणि थांबले. मुलीकडे पाहिलं. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. टोमणा असता तर ती तरली असती. सवय लागली होती, बस.

"पिऊ का गं?" त्यांनी विचारलं.

थोरलीच्या तोंडातून "प्या" निघून गेलं, आणि निघता निघताच तिला कळलं की तिने परवानगी दिली. पाण्याची. बापाला. आता "विचारता काय" म्हणायची वेळ गेली होती.

बाबा पाणी प्यायले. ग्लास पालथा घातला आणि कढईकडे वळले.

"अजून आटव," ते भोंग्याला म्हणाले. "कच्चं आहे."